डोळ्यापुढचे मच्छर

मंडळी, नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. वर्धा रोडने विमानतळ मागे टाकून खापरीकडे निघालं की अचानक रस्ते रुंद होतात, माणसं कमी होतात आणि काचेच्या मोठाल्या इमारती दिसायला लागतात. हे आमचं मिहान. नावाप्रमाणे इथे कार्गो हब व्हायचं होतं. कार्गोच्या आधी आम्ही कोडवाले येऊन बसलो, ते असो.

याच मिहानमध्ये एम्स आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष समृद्धी महामार्ग आणि वंदे भारतकडे होतं. त्याच कार्यक्रमात आणखी एका गोष्टीचं लोकार्पण झालं आणि ते बातमीच्या शेवटच्या ओळीत गेलं. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांवर संशोधन आणि उपचार करणारं केंद्र. चंद्रपूरलाच का, हा प्रश्न पुण्याहून बदलून आलेल्या आमच्या मॅनेजरने विचारला होता. विदर्भातल्या माणसाला तो पडत नाही. उत्तर एका शब्दाचं आहे, सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. (आमच्याकडे इळा म्हणतात.) रक्तातली तांबडी पेशी एरवी गोल, चपटी, लवचिक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अंगदुखी, अशक्तपणा, कावीळ, हाडं आतून ठणकणं, महिन्याला एखादी सलाईन, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. डोळ्याचं मात्र कोणी बोलत नाही. आज त्याच्याबद्दल लिहायचंय, कारण आमच्या टीममधला एक पोट्टा गेले काही महिने त्यातून जातोय. त्याची परवानगी घेऊन लिहितोय, नाव अर्थातच देणार नाही.

वय २४. मूळचा भंडाऱ्याकडचा. हुशार आणि कामाला वाघ. त्याला सिकलसेल आहे हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. वर्षातून दोनदा ‘व्हायरल’ म्हणून सुट्टी घ्यायचा, एसीचं तापमान वाढवा म्हणून फॅसिलिटीवाल्याशी भांडायचा आणि दोन लिटरची बाटली कायम डेस्कवर. आम्ही त्याला टँकर म्हणायचो. थंडी आणि शरीरातलं पाणी कमी होणं या दोन्ही गोष्टींनी त्याच्या पेशी वाकड्या होतात, त्याचा तो बंदोबस्त होता.

एका रिलीजच्या आठवड्यात म्हणाला, "दादा, उजव्या डोळ्यापुढे मच्छर उडून राहिले." आम्ही त्या वेळी सगळेच रात्री दोन-दोनपर्यंत स्क्रीनकडे बघत होतो, त्यामुळे ते स्क्रीनच्या खात्यात जमा झालं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मच्छर नाही आता, धूर आहे. कोणी चुलीत ओली लाकडं टाकल्यावाणी." दुखत मुळीच नव्हतं.

हे न दुखणं समजून घ्यायला थोडं आत जावं लागतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हा आजार समजायला सोपा आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येतं. डीएनएच्या भाषेत जीएजीचं जीटीजी. एक कॅरेक्टर हो! लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं, आणि १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने चूक नेमकी कुठे आहे ते शोधून काढलं. डीबगिंगच्या इतिहासात याला तोड नाही. आणि बगचा स्वभाव बघा. भरपूर ऑक्सिजन असेल तर सगळं सुरळीत चालतं. ऑक्सिजन कमी पडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे लांब होतात आणि पेशीला आतून ताणून विळा करतात. टेस्टिंगमध्ये सापडणार नाही, प्रॉडक्शनमध्ये लोड आला की फुटणार, त्यातला प्रकार. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते.

आता डोळा. डोळ्याचा पडदा हा शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या इतक्या अरुंद की साध्या पेशीलाही अंग दुमडून जावं लागतं. विळा झालेली पेशी दुमडत नाही. ती अडकते, तिच्या मागची अडकते, आणि रस्ता बंद.

पण अडकते कुठे? तुमच्यापैकी कोणाची शेती कॅनॉलवर असेल तर लगेच कळेल. पाणी सुटलं की हेडवाल्याला भरपूर, मधल्याला बरं आणि टेलवाल्याला बोंबाबोंब. पडद्याच्या कडेचा भाग हा रक्ताचा टेल आहे. तिथे रक्त हळू पोचतं आणि ऑक्सिजन कमी असतो, म्हणून वाहिन्या आधी कडेच्याच बुजतात. आणि आपण वाचतो, कोड लिहितो, चेहरे ओळखतो ते सगळं पडद्याच्या मध्यावर. त्यामुळे कडेला वर्षानुवर्षं वाहिन्या बंद पडत राहिल्या तरी माणसाला काही कळत नाही. अक्षरांच्या तक्त्यावर शेवटची ओळ सहज वाचतो. आमच्या पोट्ट्याने जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये वाचली होती, सहा बाय सहा.

पुढचा भाग मला फार विचित्र वाटतो. टेलचा उपाशी पडदा गप्प बसत नाही. तो रसायनं सोडून नव्या वाहिन्या मागवतो. नव्या वाहिन्या येतात, पण घाईत उभं केलेलं बांधकाम जसं असतं तशा, भिंती पातळ आणि ठिकठिकाणी गळणाऱ्या. त्या पंख्यासारख्या पसरतात. समुद्रात त्याच आकाराचं एक प्रवाळ असतं, त्याच्यावरून डॉक्टर लोक त्यांना ‘सी फॅन’ म्हणतात. मॉर्टन गोल्डबर्ग या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १९७१ मध्ये या सगळ्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरतात. आधी वाहिन्या बंद पडतात, मग बंद वाहिन्यांच्या अलीकडून आडवाटा तयार होतात, मग हे पंखे उगवतात, मग ते फुटून डोळ्यातल्या जेलीत रक्त सांडतं, आणि शेवटी पडदाच ओढला जाऊन सुटतो. दिसण्यात फरक पडतो तो चौथ्या पायरीला. म्हणजे मच्छर दिसायला लागले तेव्हा आमचा मित्र तीन पायऱ्या निवांतपणे उतरून आला होता.

काही पंखे आपोआप सुकतात हेही खरं. पण कुठला सुकेल आणि कुठला फुटेल हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे त्या भरवशावर बसता येत नाही.

शहरातल्या एका रेटिनाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो त्याला. थेंब टाकले, बाहुली मोठी केली, आणि कपाळाला दिवा लावून बाईंनी बराच वेळ आत पाहिलं. (ही आत बघायची सोय हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये लोकांपुढे आणली. कातडी न कापता जिवंत रक्तवाहिन्या सरळ दिसतात अशी शरीरात दुसरी जागा नाही, म्हणून डोळ्यात पाहून बाकी शरीराचाही अंदाज येतो.) उजव्या डोळ्यात रक्त सांडलेलं, त्यामागचं नीट दिसेना, म्हणून सोनोग्राफी केली. पडदा जागेवर होता, हुश्श. डाव्या डोळ्यात दोन पंखे, अजून न फुटलेले. त्या डोळ्याची त्याची काहीच तक्रार नव्हती!

बाईंनी विचारलं, "याआधी डोळ्याचा पडदा कधी तपासला?"

तो म्हणाला, "कोणी सांगितलंच नाही."

वयाच्या चौथ्या वर्षापासून त्याचे उपचार चालू आहेत. फॉलिक ॲसिड, लसी, पुढे हायड्रॉक्सियुरिया, सगळं वेळेवर. ज्या दवाखान्यात तो वाढला तिथे गर्दी अशी की डॉक्टरला एका पोरामागे तीन मिनिटं मिळायची, आणि तीन मिनिटांत ताप, दुखणं आणि रक्ताची टक्केवारी एवढंच मावतं. अमेरिकेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की सिकलसेलच्या मुलाचा पडदा वयाच्या १० व्या वर्षापासून थेंब टाकून तपासावा, ठीक असेल तर दर एक-दोन वर्षांनी पुन्हा. हिशेबाने त्याच्या सात-आठ तपासण्या तरी व्हायला हव्या होत्या.

"पण माझा आजार तर माइल्ड आहे," तो गाडीत म्हणाला. हे वाक्य विदर्भात पुष्कळ ऐकू येतं. त्यात तथ्यही आहे. भारतातला सिकलसेल ज्या जनुकीय घराण्याचा, त्याला अरब-भारतीय म्हणतात, आणि त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त उरतं. ते विळा होऊ देत नाही, म्हणून आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा इथल्या बऱ्याच जणांना त्रास कमी. पण डोळ्याला हा न्याय लागेलच असं नाही. जमैकात किंग्स्टनच्या एका रुग्णालयात १९७३ ते १९८१ दरम्यान जन्मलेल्या एक लाख बाळांचं रक्त तपासून, त्यातल्या सिकलसेलच्या मुलांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. तिथे आजाराचे दोन मुख्य प्रकार. एसएस हा जास्त तीव्र, एससी हा त्या मानाने सौम्य. पंचविशीपर्यंत डोळ्यात नव्या वाहिन्या उगवल्या त्या एसएसच्या १४ टक्के रुग्णांत, आणि सौम्य एससीच्या तब्बल ४३ टक्के! याचं एक स्पष्टीकरण असं देतात की तीव्र आजारात कडेचा पडदा पूर्णच मरतो, आणि मेलेला पडदा नव्या वाहिन्या मागत नाही. अर्धपोटी राहिलेला मागतो. एससी प्रकार आपल्याकडे क्वचितच, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण हाडं दुखत नाहीत म्हणून डोळा ठीक असेल, या समजुतीला त्यांनी तडा नक्की जातो.

इथे एक खुलासा. आमच्या कॅन्टीनमध्ये ही गोष्ट ‘डोळ्यात क्लॉट झाला’ अशी फिरली. सिकलसेलमध्ये रक्त गोठण्याची यंत्रणाही जास्त चेतलेली असते आणि पायातल्या वगैरे शिरांत गुठळ्यांचा धोका वाढतो, पण पडद्याच्या कडेला रस्ता अडतो तो मुख्यतः वाकड्या पेशींच्या ट्रॅफिक जॅमने. गुठळीने डोळ्याची शीर बुजणं हा वेगळा प्रकार, आणि तो बहुधा पन्नाशीनंतर, बीपी-शुगरवाल्यांना होतो. आपल्या वयाच्या माणसाला झाला तर डॉक्टर रक्त गोठण्याचे दोष शोधतात, म्हणजे प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आणि होमोसिस्टीन. यातलं शेवटचं नाव आपल्यातल्या शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं. बी१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात ६७ टक्के लोकांत बी१२ कमी निघालं होतं. लगेच घाबरून सगळ्यांनी लॅबमध्ये धावायची गरज नाही, बी१२ कमी असलेल्या प्रत्येकाची शीर बुजत नसते.

परत सिकलसेलकडे येतो, कारण आता ज्यांना काहीच आजार नाही त्यांच्यासाठीची गोष्ट. आई किंवा बाप, एकाकडूनच सदोष जनुक आलं तर माणूस एएस, म्हणजे वाहक. त्याला एरवी काही होत नाही. आपल्या मजल्यावर असे किती जण बसलेत हे त्यांचं त्यांनाही माहीत नसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, म्हणजे आपल्याकडे ही बातमी जुनीच. तर हा वाहक शनिवारी टर्फवर क्रिकेट खेळतो आणि बॉल डोळ्यावर बसतो. बुबुळाच्या पुढच्या पोकळीत रक्त साचतं. साध्या माणसात ते हळूहळू निचरून जातं. वाहकाच्या त्या साचलेल्या रक्तातल्या पेशी तिथल्या कमी ऑक्सिजनमध्ये विळा होतात, निचऱ्याच्या जाळीत अडकतात आणि डोळ्यातलं प्रेशर चढतं. त्यात दुसऱ्याला सहन होईल एवढ्या प्रेशरनेही याच्या डोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. वर प्रेशर उतरवायला एरवी सर्रास देतात ती ॲसिटाझोलामाइडची गोळी अशा डोळ्यात विळे वाढवू शकते. म्हणून इमर्जन्सीत ‘मी सिकलसेल वाहक आहे’ हे चार शब्द डॉक्टरला सांगणं फार मोलाचं. पण सांगायला आधी माहीत हवं, आणि माहीत व्हायला तपासणी हवी.

तिथेच सगळं अडतं. तपासणी महाग आहे म्हणून नव्हे. साधी सोल्युबिलिटी टेस्ट अगदी स्वस्त, बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. नागपूरच्या संपत रामटेके यांना समाजकार्यासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ते काम सिकलसेलचंच होतं. तरी लोक तपासत नाहीत. याला दबक्या आवाजात अमक्या जातीचा आजार म्हटलं जातं. खरं तर वाहकांना फाल्सिपेरम मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे ॲन्थनी ॲलिसनने १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. मलेरियाच्या मुलखात हजारो वर्षं टिकून राहिलेल्यांच्या रक्तातली ही खूण आहे. त्याची लाज कसली बाळगायची, हे मला तरी कळत नाही. पण मी बाहेरून बोलतोय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. मी सुचवलं तर मित्र म्हणाला, "दादा, ते काढलं का पूर्ण गावाले माहीत होते. बहिणीचं पाहून राहिले ना घरी."

बहीण २२ वर्षांची. तिची तपासणी कधीच झालेली नाही. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे प्रत्येक अपत्याला आजार असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन. हे काकांना पाठ आहे, मुलाच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. मी घरी गेलो तेव्हा चहा देता देता म्हणाले, "पोरीचं जमत आलं. आता कशाले हे तपासणं?" काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी मुलाचा डोळ्याचा रिपोर्ट आणून टेबलावर ठेवला, एवढंच.

दरम्यान उजव्या डोळ्यातलं रक्त बरंचसं निवळलं. तोवर उशाला दोन उशा घेऊन झोपायचा, म्हणजे रक्त खाली बसतं. मग लेझर. पंख्यांवर थेट नव्हे, तर टेलच्या उपाशी पडद्यावर ठिकठिकाणी बारीक डाग देतात, म्हणजे त्याची मागणीच बंद होते आणि पंखे सुकायला लागतात. कडेचं थोडं दिसणं जातं, मधलं वाचतं. डाव्या डोळ्याचं आधी केलं, कारण तिथे अजून सगळं वाचवण्यासारखं होतं.

मी अर्थातच अमेरिकेच्या त्या नव्या जीन थेरपीबद्दल वाचत बसलो. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे क्रिस्परवर आधारलेल्या कॅसजेव्हीला मंजुरी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. गंमत म्हणजे ती ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करतच नाही. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारा जो स्विच असतो तो मोडून टाकते. म्हणजे बग फिक्स नाही, वर्कअराउंड! मित्राला सांगितलं तर खो खो हसला. म्हणाला, "आपल्या मागच्या रिलीजसारखं."

बहिणीने शेवटी स्वतःच तपासून घेतलं, कॉलेजातून परस्पर. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली. त्या टेस्टला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, म्हणून एचपीएलसी करावी लागली आणि ते चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. निकाल एएस. आता मुलाकडच्यांनीही तपासून घ्यावं असा निरोप काकांनीच मध्यस्थाकरवी पाठवलाय. त्याला आज दहा दिवस झाले, त्यांचा फोन अजून आलेला नाही.

येत्या गुरुवारी उजव्या डोळ्याचं दुसरं सिटिंग आहे. थेंबांमुळे बाहुली चार-पाच तास फाकलेली राहते, उन्हात डोळा उघडत नाही आणि गाडी चालवता येत नाही. मी हाफ डे टाकलाय.